जुन्या फाल्कनला सेकंडहँड टर्बो: पोराला अडवू की पाना हातात देऊ?

प्रश्न: काका, नमस्कार. आम्ही मेलबर्नजवळ क्रेनबर्नला राहतो, मूळचे इचलकरंजीचे. माझी नोकरी अकाउंट्समधली, बॉनेट उघडून वायपरचं पाणी भरण्यापलीकडे माझी मजल नाही. मुलगा वीस वर्षांचा आहे. त्याच्याकडे १९९७ ची फोर्ड फाल्कन ईएल आहे, चार लिटर, सहा सिलिंडर, २ लाख ७० हजार किलोमीटर झालेली. गेल्या महिन्यात तो भंगारवाल्याकडून बीए एक्सआर-सिक्स टर्बो या फाल्कनच्याच नंतरच्या मॉडेलचा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा म्हणे) ४५० डॉलरला घेऊन आला. सध्या तो टॉवेलात गुंडाळून वॉशिंग मशीनवर ठेवलाय. मुलगा म्हणतो दोन वीकेंडचं काम आहे, सौ. म्हणतात काकांना विचारा. त्याला अडवू का? आणि अडवायचं नसेल तर मी नक्की कशावर लक्ष ठेवू?

उत्तर: भाऊ, अडवू नका. अडवलंत तर पोरगं तो टर्बो मित्राच्या शेडमध्ये बसवेल आणि तुम्हाला कळेल ते थेट टो-ट्रकवाल्याच्या फोनवरून. पण दोन वीकेंडचं तेवढं डोक्यातून काढायला सांगा. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हात काळे करून इकडे आलो, डॅन्डिनाँगमध्ये बावीस वर्षं गाड्या उघडतोय, आणि मला हे काम तीन महिन्यांच्या आत एकदाही नीट जमलेलं नाही.

आणि आधी एक करा. हे वाचता वाचता उठा आणि त्या टर्बोची सगळी तोंडं चिकटपट्टीने बंद करा. टॉवेलाचा एक धागा तेलाच्या भोकात गेला की संपलं. वॉशिंग मशीनवरून उचलून कपाटातही ठेवा. एवढं जड धूड थरथरत्या मशीनवरून फरशीवर आलं तर फरशीचंही काम निघेल.

कायद्याचं उरकून घेऊ. व्हिक्टोरियात २०१० पूर्वी बनलेल्या पेट्रोल गाडीला टर्बो असेल तर पी-प्लेटवाल्याने, म्हणजे नव्या परवान्यावर असलेल्याने, ती चालवायची नाही. ताकद वाढवण्यासाठी इंजिनात फेरफार केला असेल तर गाडी कुठल्याही सालची असो, तीही नाही. वीस वर्षांचा म्हणजे चिरंजीवांच्या काचेवर अजून ‘पी’ असणार. म्हणजे उद्या काम झालं तरी गाडी त्याला रस्त्यावर नेता येणार नाही. तो तोंड पाडेल. मला उलट बरं वाटलं, घाईचं कारणच गेलं. पी निघेपर्यंत एकेक भाग सावकाश जमवू दे.

दुसरं, अशा कामाला ‘व्हॅस’ची, म्हणजे गाडीतले बदल तपासून सही देणाऱ्या इंजिनिअरांच्या योजनेची, मंजुरी लागते. ती देणारा इंजिनिअर गाठायचा तो काम सुरू करण्याआधी. माणसं सगळं वेल्डिंग करून मग त्याच्याकडे जातात आणि तो म्हणतो, ब्रेक मोठे करा, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कुठे गेला, आवाज ९० डेसिबलच्या आत आणा. मग परत कापाकापी. इन्शुरन्सवाल्यालाही लेखी कळवायचं. हे काम तुमचं, कारण पोरं हे करत नाहीत.

आता टर्बोकडे येऊ. पोराची निवड वाईट नाही. फोर्डचं हे सहा सिलिंडरचं इंजिन जिलाँगला बनायचं, १९६० पासून २०१६ च्या ऑक्टोबरात कारखाना बंद होईपर्यंत. नावं आणि हेड बदलत गेली, पण घराणं एकच. त्याच घराण्यातल्या बीए मॉडेलला २००२ मध्ये फोर्डने कारखान्यातूनच टर्बो लावला आणि २४० किलोवॅट काढले. तुमच्या ईएलचे कारखान्याचे आकडे १५७ किलोवॅट आहेत. पोराने हे दोन आकडे बघितले, वजाबाकी केली आणि ४५० डॉलर मोजले. त्याच्या वयात मीही तेच केलं असतं.

पण त्या वजाबाकीत फोर्डने काय काय केलं ते दिसत नाही. बीएच्या साध्या, बिनटर्बो इंजिनाचं कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते, ९.७ होतं, टर्बोसाठी त्यांनी ते ८.७ वर आणलं. तुमचं नवाच्या वर आहे आणि तिथेच राहणार. शिवाय बीएच्या हेडवर दोन कॅमशाफ्ट आहेत, ईएलला एकच. एक्झॉस्टची भोकं जुळत नाहीत, म्हणून बीएचा मॅनिफोल्ड, म्हणजे हेडपासून टर्बोपर्यंत एक्झॉस्ट नेणारा पाइपांचा जुडगा, तुमच्या हेडवर बसत नाही. कुणी ‘पूर्ण सेट’ म्हणून तोही गळ्यात मारत असेल तर पैसे खिशातच ठेवा. ईएलच्या हेडला बसेल आणि दुसऱ्या टोकाला टी-थ्री फ्लॅंज (टर्बो जिथे बोल्टने बसतो ती ठरावीक मापाची चकती) असेल असा मॅनिफोल्ड वेगळा घ्यावा लागतो.

टर्बो मांडीवर घ्या. दोन शंख पाठीला पाठ लावून बसवल्यासारखं दिसेल. गंजका जड शंख एक्झॉस्टचा, चकचकीत ॲल्युमिनियमचा हवेचा. दोन्हीत एकेक पंखा, आणि दोघांना जोडणारा एकच दांडा. जोरात असताना तो मिनिटाला लाखभर फेरे घेतो. आता दांड्याचं टोक चिमटीत धरा, आधी वरखाली हलवा, मग आतबाहेर. साध्या बुशच्या, म्हणजे दांडा नुसत्या धातूच्या कड्यात फिरणाऱ्या, टर्बोला वरखाली थोडा प्ले असतोच, तेल भरलं की तो दिसत नाही. पण हा गॅरेट कंपनीचा जीटी-३५४० आहे, बॉल बेअरिंगचा. याला असा प्ले हाताला जाणवला तर आतलं सगळं कार्ट्रिज बदलायला लागणार. बॉल बेअरिंगवाल्याला चार रुपयांचे बुश टाकून उभा करता येत नाही. पंख्याच्या पात्यांच्या कडा बॅटरीच्या उजेडात बघा. घासलेल्या किंवा बोथट असतील तर पातं भिंतीला लागलंय किंवा आत खडा गेलाय. गंजक्या शंखात वेस्टगेटची झडप आहे, जादा एक्झॉस्ट पंख्याला वळसा घालून सोडणारी, तिच्या बैठकीभोवती केसासारख्या भेगा असतात. दोन-तीन बारीक भेगा मी चालवून घेतो, आरपार गेलेली नाही. झडपेचा दांडा हाताने हलतो का तेही बघा. झडप मिटलेली असताना तो जाम झाला तर हवेचा दाब वाढतच जातो आणि इंजिनाचे तुकडे होतात.

मग तेलाचं भोक. आत डोकावा. काळा कोळसा दिसला तर या टर्बोला आधीच्या मालकाने तेलाविना मारलंय. बीएच्या तेलाच्या नळीत एक बारीक जाळी असते. तेल वेळेवर बदललं नाही की ती चोंदते आणि टर्बो उपाशी राहतो. म्हणून भंगारात आलेले हे टर्बो मी संशयानेच बघतो. जुनी नळी फुकट दिली तरी वापरू नका. नवी नळी घ्या आणि टर्बोच्या तोंडाशी साधारण १ मिलिमीटर भोकाचा रिस्ट्रिक्टर बसवा, कारण बॉल बेअरिंगला थोडंच तेल लागतं. थंड इंजिनाचा तेलाचा दाब चढतो तो थेट आत गेला तर सील सांभाळू शकत नाहीत.

तेल आत जाण्याइतकंच, किंवा माझ्या मते जास्तच, महत्त्वाचं म्हणजे ते परत येणं. इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे ईएफ, म्हणजे तुमच्या ईएलच्या आधीचं मॉडेल, फाल्कन होती, तिला मी जुना बुशचा टर्बो बसवला. गाडी पळायची भन्नाट, पण सिग्नलला थांबलो की मागे निळा धूर. मागचे लोक काचा वर करायचे. मी म्हटलं सील गेले. टर्बो उतरवला, रिपेअरला दिला, ६०० डॉलर गेले. परत बसवला, परत धूर. पुन्हा उतरवला. तिकडचा माणूस म्हणाला, यात काही दोष नाही. मी त्याच्याशी हुज्जत घातली, आज त्याची लाज वाटते. शेवटी आमच्या शेडमधला म्हातारा ग्रीक मिस्त्री गाडीखाली गेला, काही बोलला नाही, फक्त माझा हात धरून तेलाच्या परतीच्या नळीवर ठेवला. इंजिन माउंटला वळसा घालताना नळीला खाली पोट आलं होतं. बोटभर, जास्त नाही.

झालं होतं असं. टर्बोतून बाहेर पडणारं तेल म्हणजे दाब नसलेला फेस असतो, दुधावरच्या साईसारखा जाड. तो केवळ उतारावर वाहतो. वाटेत पोट मिळालं की तिथे साचतो, मागे तुंबतो आणि सीलमधून एक्झॉस्टमध्ये शिरतो. टर्बोचे सील रबराचे नसतात, पिस्टनच्या रिंगसारख्या बारीक कड्या असतात त्या. तुंबलेलं तेल त्या काय अडवणार? म्हणून परतीची नळी आतून निदान १९ मिलिमीटर, शक्य तितकी सरळ खाली, आणि संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या पातेल्यात, तेलाच्या पातळीच्या वर जोडलेली. संपला भोक पाडून नळी जोडायचा बंग वेल्ड करायचा तर संप उतरवून करा. गाडीखाली झोपून ड्रिल मारलेल्याचा चुरा ऑइल पंपात जातो.

आता गाडीचं. टर्बो बसवायच्या आधी इंजिन बसवण्याच्या लायकीचं आहे का? एक संध्याकाळ काढा आणि कम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्लगच्या भोकात गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजा. इंजिन गरम, सहाही प्लग काढलेले, इंधन आणि इग्निशन बंद, पोरगं एक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारतंय, तुम्ही वही घेऊन आकडे लिहिताय. तुम्ही अकाउंट्सवाले, हे काम तुमच्याइतकं कोणी नीट करणार नाही. सहा आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. माझ्या वहीत एका ईएलचे आकडे आहेत, दाबाच्या पीएसआय या मापात: १६८, १७०, १६५, १७२, १२८, १२५. शेवटचे दोन शेजारी एकदम पडलेत, म्हणजे पाचव्या आणि सहाव्याच्या मधलं हेड गॅस्केट गेलंय. लोखंडी ब्लॉकवर ॲल्युमिनियमचं हेड असलेल्या या गाड्यांचं हे जुनंच दुखणं. गिऱ्हाईक म्हणत होतं, पाणी कमी होत नाही, गाडी गरम होत नाही, सगळं मस्त आहे. टर्बो लावला असता तर पहिल्याच उन्हाळ्यात हेड उतरवायला लागलं असतं. तुमचे आकडे चांगले आले तरी हेड उतरवून अनेक पदरी स्टीलचं गॅस्केट आणि नवे बोल्ट घालावेत, असं माझं मत. इथे पैसे वाचवू नका.

दाब किती? सहा पीएसआय, एक घरही पुढे नाही. तेवढ्यानेही हिशोबाने ४१ टक्के जास्त हवा आत जाते. फुकट मात्र काही नाही, हवा दाबली की तापते. ४० अंशांच्या मेलबर्नच्या दुपारी टर्बोतून निघणारी हवा ८५ अंशांच्या आसपास असते. नवाच्या वर कम्प्रेशन असलेल्या इंजिनात इतकी गरम हवा भरली की ठिणगीने लागलेली ज्वाळा पोचायची वाट न बघता उरलेलं पेट्रोल आपोआप पेट घेतं. बाहेरून डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट ऐकू येतो. त्यालाच आपण नॉकिंग म्हणतो. पिस्टनचा वरचा कंगोरा तिथेच तुटतो. म्हणून ही हवा थंड करणारा इंटरकूलर हवाच, ९८ ऑक्टेनचं पेट्रोल हवंच, आणि ठिणगी जरा उशिरा पडेल असं करायचं. प्लग एक नंबर थंड आणि गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर, नाहीतर दाबाखाली ठिणगी विझते.

पेट्रोलचा हिशोब पोराकडून वहीत मांडून घ्या, त्याला कळलंय का ते लगेच दिसेल. समजा २३० किलोवॅट काढायचेत. टर्बोवालं पेट्रोल इंजिन जोरात असताना दर किलोवॅटला तासाला साधारण ३६५ ग्रॅम पितं. म्हणजे ८४ किलो, जवळपास ११३ लिटर तासाला. सहा इंजेक्टरांत वाटलं तर प्रत्येकी मिनिटाला ३१५ सीसी. इंजेक्टर सतत उघडा ठेवता येत नाही, ८५ टक्के धरायचा, म्हणून ३७० सीसीच्या खालचा चालणार नाही. मूळचे इंजेक्टर याच्या जवळपासही नाहीत. पेट्रोलचा पंप तासाला २५५ लिटरवाला घेतला की चिंता मिटली.

शेवटी डोकं, म्हणजे गाडीचं. ईएलचा कॉम्प्युटर मॅप सेन्सरवरून, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब सांगणाऱ्या सेन्सरवरून, हवा मोजतो आणि तो सेन्सर बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंतच बघू शकतो. त्यापुढे तो आंधळा. टर्बो हवा भरत राहतो, कॉम्प्युटरला वाटतं सगळं पूर्वीसारखंच, पेट्रोल तेवढंच सोडतो. इंजेक्टर मोठे घालून हे आपोआप जुळत नाही. नवा सेन्सर, त्याला समजेल असा कॉम्प्युटर, आणि डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या रोलरवर) ट्यून करणारा अनुभवी माणूस, तिन्ही लागतं. दाबाखाली हवा-पेट्रोलचं प्रमाण ११.५ ते १२ च्या दरम्यान दिसायला हवं, त्यासाठी ते प्रमाण दाखवणारं वाइडबँड गेज डॅशवर कायमचं बसवा. ट्यून होण्याआधी ‘नुसती कोपऱ्यापर्यंत चक्कर’ नाही. माझ्याकडे आलेल्या निम्म्याहून जास्त फुटलेल्या इंजिनांची हकिकत त्याच वाक्याने सुरू होते.

खर्च? गेल्या अशा कामाची माझ्या वहीतली बेरीज ७,४०० डॉलर, त्यात टर्बोचे ६००. मजुरी धरलेली नाही. मुलाला नुसता वेगच हवा असेल तर आख्खी एक्सआर-सिक्स टर्बो घेणं जास्त शहाणपणाचं. फोर्डच्या इंजिनिअरांनी सगळं जुळवून ठेवलंय. पण त्याला स्वतःच्या हाताने करायचं असेल, आणि तुमच्या पत्रावरून मला तसंच वाटतंय, तर शनिवारी सकाळी गाडीखाली बॅटरी धरायला तुम्ही जा. कम्प्रेशनचे सहा आकडे मला कळवा. पुढचं त्यावर ठरवू.

प्रश्न: ऑकलंडहून. माझी १९९४ ची बीएमडब्ल्यू ३२५आय आहे. ट्रकच्या डिझेल इंजिनावरचा होल्सेट कंपनीचा एचएक्स-३५ टर्बो स्वस्तात मिळतोय. मित्र म्हणतात, पेट्रोलच्या गाडीला डिझेलचा टर्बो चालत नाही. खरं का?

उत्तर: चालतो, जगभर लोक चालवतायत. ५.९ लिटरच्या कमिन्सचा हा टर्बो, अडीच लिटरच्या तुमच्या इंजिनाला जरा मोठाच आहे. जोर उशिरा येईल, तीन हजार फेऱ्यांखाली काही घडलंय असं वाटणारही नाही. पण खटक्याने मोडणारा नव्हे. दोन गोष्टी सांभाळा. एक, पेट्रोलचा एक्झॉस्ट डिझेलपेक्षा बराच गरम, आणि एचएक्स-३५ ला पाण्याचं थंडावणं नाही, फक्त तेल. दमदार चालवून आल्यावर दोन मिनिटं इंजिन चालू ठेवा आणि मगच किल्ली फिरवा, नाहीतर आतलं तेल जळून कोळसा होतो. दोन, १९९३ पासूनच्या या इंजिनांचं कम्प्रेशन १०.५ आहे, म्हणजे वरच्या फाल्कनपेक्षाही अवघड. जाड गॅस्केट घालून ते खाली आणल्याशिवाय दाबाचं नाव काढू नका. तुमच्या न्यूझीलंडमध्ये टर्बो नसलेल्या गाडीला टर्बो आला की एलव्हीव्ही, म्हणजे गाडीतल्या बदलांचं, सर्टिफिकेट लागतं, ते देणाऱ्या माणसाला आधी भेटा. तेलाच्या परतीच्या नळीचं वर लिहिलंय, ते दोनदा वाचा.

प्रश्न: काका, कराडहून लिहितोय. वडिलांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली पेट्रोल जोंगा जीप आहे. खंबाटकी घाटात फार दमते. मिस्त्री म्हणतो, ट्रकचा जुना टर्बो कार्ब्युरेटर आणि इंजिनाच्या मधे बसवतो. त्याने टर्बो आणूनही ठेवलाय. बसवू का?

उत्तर: नको रे बाबा. जबलपूरला निसानच्या परवान्यावर बनलेलं ते ३,९५६ सीसीचं इंजिन माझं फार लाडकं आहे, त्याच्यावर हा प्रयोग करू नका. कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी आला की घाट उतरताना पाय उचलल्यावर टर्बोच्या आत व्हॅक्यूम तयार होतो आणि साधा सील तेल ओढू देतो. मग कार्बन सील लागतो, तो ट्रकच्या टर्बोत नसतो. शिवाय तिथून पुढे पेट्रोल मिसळलेली हवा जाते, त्यामुळे इंटरकूलरही लावता येत नाही. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. कंपनीच्या नोंदीपेक्षा वेगळा बदल केला तर आरटीओत पासिंगला कोण उभं राहणार, मिस्त्री की तुम्ही?

ती दमते त्याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. पॉइंटचा गॅप, टायमिंग, डिस्ट्रिब्युटरमधला व्हॅक्यूमचा पडदा फाटलेला, आणि सायलेन्सर आतून चोंदलेला. सायलेन्सर सोडवून एकदा घाट चढून बघा, आवाजाबद्दल आधी गावकऱ्यांची माफी मागून. फरक पडला तर नवा सायलेन्सर घ्या. नाही पडला तर कम्प्रेशन टेस्ट करा आणि वरच्यासारखेच सहा आकडे मला पाठवा. मिस्त्रीला टर्बो परत द्यायला सांगा, पावती असेल तर याच आठवड्यात.